जेवणाबरोबर, पेलाभर पाण्यासोबत

मामांच्या जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी एक पितळी डबा असतो. पूर्वी तो सुपारीचा होता. आता त्यात गोळ्यांच्या स्ट्रिप असतात. ताट वाढलं, वरणभाताचे चार घास पोटात गेले, की मामा एक गोळी काढतात, उजेडात धरून बघतात आणि पेलाभर पाण्याबरोबर खाली ढकलतात. मातकट केशरी रंग, ४०० मिलिग्रॅम, नाव इमॅटिनिब. मग परत भात.

सहा वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी म्हणून रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशींचा आकडा आला १,८०,०००. असायला हवा चार ते अकरा हजारांच्या मध्ये. लॅबवाल्याला वाटलं, आपलंच मशीन बिघडलंय. त्याने परत रक्त मागवलं. दुसऱ्यांदाही तेच. डॉक्टरांनी पोटाच्या डाव्या बाजूला बोटं रोवून बघितलं, तर पानथरी बरगडीखालून चार बोटं बाहेर आलेली. मामांना तसं काहीच होत नव्हतं. थोडं खाल्लं की पोट गच्च वाटायचं, ते त्यांनी वयाच्या खात्यावर मांडून टाकलं होतं. निदान झालं क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. दवाखान्याच्या बाकावर बसणारी माणसं त्याला नुसतं सीएमएल म्हणतात.

ब्लड कॅन्सर हे दोन शब्द ऐकल्यावर घरात जे होतं, ते आमच्याही घरात झालं. खाट, सलाईन, गळलेले केस असं सगळं डोळ्यांपुढे येऊन गेलं. आणि हातात पडला एक कागद, त्यावर एकच ओळ: रोज एक, जेवणाबरोबर, पेलाभर पाण्यासोबत. तोंडी आणखी तीन-चार गोष्टी. चुकवायची नाही. चुकलीच तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. दुसरं कुठलंही औषध विचारल्याशिवाय नाही. आणि पपनस खायचं नाही.

"पपनस?" मामा म्हणाले.

"पपनस," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

त्या पपनसाने मला छळलं. कर्करोगाचा आणि पपनसाचा काय संबंध? म्हणून वाचत गेलो. वाचता वाचता लक्षात आलं, की कागदावरची ती ओळ म्हणजे त्या रेणूची जन्मपत्रिकाच आहे. तो कसा घडला, पोटात कुठून कुठे जातो, कुणाशी त्याचं पटत नाही, सगळं त्या मोजक्या शब्दांत आलेलं आहे.

सुरुवात आजारापासून करतो. आपल्या पेशींत काही प्रथिनं असतात, सरकारी कचेरीतल्या कारकुनासारखी. काम एकच, दुसऱ्या प्रथिनावर शिक्का मारायचा. शिक्का म्हणजे फॉस्फेटचा एक चिमुकला गट. तो पडला की पुढचं प्रथिन कामाला लागतं: वाढ, दोन हो, मरू नकोस. शिक्क्याला शाई पुरवतो एटीपी नावाचा रेणू. कारकुनाच्या अंगात एक खोबण असते. एटीपी तिथे येऊन बसतो, आपला फॉस्फेट देतो आणि बाहेर पडतो, की दुसरा आत. यातल्या काही कारकुनांना टायरोसिन कायनेज म्हणतात, कारण त्यांचा शिक्का टायरोसिन या अमिनो आम्लावर उमटतो. (जाता जाता: टायरोसिन हे नाव ग्रीकमधल्या चीजच्या शब्दावरून पडलं. १८४६ साली लीबिग या जर्मन रसायनज्ञाने ते पहिल्यांदा चीजमधून वेगळं केलं.)

यातला एक कारकून म्हणजे एबीएल. मोठा शिस्तीचा. त्याच्या एका टोकाला शेपटासारखा भाग असतो आणि त्या शेपटाला चरबीच्या जातीचं एक आम्ल चिकटवलेलं असतं. ते शेपूट वळून त्याच्याच अंगातल्या एका खाचेत जाऊन बसतं आणि कुलूप लागतं. वरून हुकूम आल्याशिवाय एबीएल शिक्का उचलत नाही.

सीएमएलमध्ये होतं असं, की अस्थिमज्जेतल्या एका, फक्त एका मूळ पेशीत ९ नंबरच्या आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांची टोकं तुटतात आणि अदलाबदल होऊन चिकटतात. एबीएलचं जनुक नवव्यावरून बाविसाव्यावर येतं आणि तिथल्या बीसीआर नावाच्या जनुकाला जोडलं जातं. या जोडकामात एबीएलचं कुलूपवालं शेपूट कापलं जातं. त्या जागी येतो बीसीआरचा तुकडा, ज्याला आपल्यासारख्याच दुसऱ्या तुकड्याच्या गळ्यात पडायची खोड असते. कारकून असे जोडीजोडीने बसतात, एकमेकांच्या अंगावर शिक्के मारून एकमेकांना चेव आणतात आणि मग समोर येईल त्यावर मारत सुटतात. रात्र नाही, दिवस नाही. ती एक पेशी आणि तिची प्रजा वाढत वाढत रक्त व्यापून टाकते. आई-वडिलांकडून येणारा हा आजार नव्हे. मामांनी काही खाल्लं-प्यालं म्हणून झालेलाही नव्हे. अपघात आहे.

या अपघाताची पहिली खूण दिसली ती १९६० साली, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात, आणि तीही नळाच्या पाण्यामुळे. पीटर नोवेल ल्युकेमियाच्या पेशींवर काम करत होते. एकदा त्यांनी स्लाइड साध्या नळाच्या पाण्याखाली धुतली. पाणी पेशींत शिरलं, पेशी फुगल्या आणि एरवी गुंत्यासारखी दिसणारी गुणसूत्रं सुटी सुटी पसरली. डेव्हिड हंगरफोर्ड या तरुण सहकाऱ्याला त्यात एक गुणसूत्र गरजेपेक्षा बुटकं दिसलं. त्याला गावाचं नाव मिळालं, फिलाडेल्फिया गुणसूत्र. मामांच्या रिपोर्टवर 'पीएच पॉझिटिव्ह' असं लिहिलंय ते यामुळेच. तुटलेला तुकडा जातो कुठे, हे कळायला आणखी तेरा वर्षं लागली. शिकागोच्या जॅनेट राउली गुणसूत्रांचे फोटो घरी आणून जेवणाच्या टेबलावर कात्रीने कापत, जोड्या लावत बसायच्या. मुलं चिडवायची, आई कागदी बाहुल्या खेळतेय. १९७३ साली त्यांनी दाखवून दिलं, की तुकडा हरवलेला नाही, नवव्या गुणसूत्राच्या टोकाला जाऊन चिकटलाय. मला हे फार आवडतं. आजाराचं कोडं एका जेवणाच्या टेबलावर सुटलं आणि त्यावरची गोळी दुसऱ्या जेवणाच्या टेबलावर लोणच्याशेजारी आहे.

आता गोळीकडे. सुटलेल्या कारकुनाला आवरायचं कसं? एक उपाय म्हणजे सगळी कचेरीच पेटवून द्यायची. जुनी केमोथेरपी थोडीफार तसंच करते. दुसरा उपाय खोडकर आहे: शाईच्या जागी दुसरंच काहीतरी बसवून ठेवायचं. खोबण अडली, की शिक्का कोरडा. पण पेशीत असले कारकून शेकड्यांनी आहेत आणि सगळे एटीपीचीच शाई वापरतात. एकाचीच खोबण ओळखून नेमकी तेवढीच अडवता येईल यावर १९८०च्या दशकात फारसा कुणाचा विश्वास नव्हता.

स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला, सीबा-गायगी कंपनीत निक लायडन यांच्या गटातले रसायनज्ञ युर्ग झिमरमन हे एकेक रेणू घडवत होते. सुरुवातीचा रेणू लागू पडायचा, पण भलत्याच कारकुनाला. मग त्यांनी त्याच्या एका कोपऱ्यावर मिथाइलचा गट लावला. एक कार्बन, तीन हायड्रोजन, यापेक्षा लहान ठिगळ रसायनशास्त्रात क्वचितच असेल. त्या ठिगळाने रेणूला असा पीळ पडला, की भलता कारकून सुटला आणि एबीएल पकडला गेला. पुढे २००० साली भारतीय वंशाचे जॉन कुरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्फटिकचित्र काढून दाखवलं, की हा रेणू एबीएलला पकडतो तो त्याची झापड मिटलेली असताना. काम थांबवून श्वास घेतो त्या क्षणी गोळी आत शिरते आणि त्याला पुन्हा उठूच देत नाही.

पण त्याआधी, रेणू घडवताना, अडचण एकच उरली होती. रेणू पाण्यात विरघळेना. पोटातून रक्तात जाईना. मग त्याला पायपरॅझिन नावाचं नायट्रोजनचं एक कडं जोडलं. जठरातल्या आम्लात हे कडं प्रोटॉन उचलतं आणि अख्खा रेणू विरघळतो. एका कड्यामुळे सुईचं औषध गोळीचं झालं. घेतलेल्या डोसातला जवळपास सगळाच, ९८ टक्के भाग, रक्तात पोचतो.

म्हणजे जेवण हे औषध शोषलं जावं म्हणून नाही. रिकाम्या पोटीही ते शोषलं जाईलच. पण जठराच्या अस्तराला ते झोंबतं. मामांनी पहिल्या आठवड्यात हे शिकून घेतलं. सकाळी लवकर पुण्याला जायचं म्हणून चहाबरोबर गोळी टाकली आणि कराडच्या आसपास एसटीच्या खिडकीतून चहा परत केला. त्या दिवशी मामींनी फोनवर विचारलं, दुसरी देऊ का? डॉक्टर म्हणाले, नाही. किती पोटात राहिली, किती गेली, हे बाहेरून कळत नाही. दुसरी दिली तर दीडपट होऊ शकते. उद्या नेहमीच्या वेळेला.

मामींनी मग स्वतःचा उपाय काढला. गोळी खलबत्त्यात कुटून मधातून द्यायची. तेवढ्यात सुनेने हात धरला आणि बरं झालं. सूनबाईला तेव्हा पाचवा महिना होता. हे औषध पोटातल्या बाळाला अपाय करू शकतं, म्हणून कुटलेल्या गोळीची भुकटी गर्भवतीच्या हातालाही लागू नये असं सांगतात. गोळी घेणाऱ्या बाईनेही दिवस राहू नयेत याची काळजी घ्यायची, आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून आखणी करायची. गिळायलाच जमत नसेल तर कुटण्याची गरज नसते. ४०० मिलिग्रॅमची गोळी साधारण २०० मिलिलिटर पाण्यात किंवा सफरचंदाच्या रसात टाकून चमच्याने ढवळली की विरते. ते लगेच, सगळं, प्यायचं.

इथे एक सावधगिरीचं वाक्य लिहायलाच हवं. 'सीएमएलची गोळी जेवणाबरोबर' हा नियम सगळ्या गोळ्यांना लावू नका. निलोटिनिब ही याच घराण्यातली पुढची गोळी, तिचं बरोबर उलट आहे. खाल्ल्यावर दोन तास थांबायचं, गोळी घ्यायची आणि पुढे तासभर काही खायचं नाही. जेवणाबरोबर ती प्रमाणाबाहेर शोषली जाते आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. डॅसाटिनिबला जठरातलं आम्ल हवं असतं, म्हणून ॲसिडिटीच्या गोळ्यांशी तिचं जमत नाही. बाकावर शेजारी बसलेल्या पेशंटने प्रेमाने दिलेला सल्ला त्याच्या गोळीसाठी खरा असतो. तुमच्यासाठी असेलच असं नाही.

आणि आता एकदाचं पपनस. १९८९ साली कॅनडातल्या लंडन या गावी डेव्हिड बेली रक्तदाबाच्या एका गोळीवर दारूचा काय परिणाम होतो ते तपासत होते. माणसांना दारूची चव कळू नये म्हणून ती ग्रेपफ्रूटच्या रसात मिसळून दिली. रक्तातलं औषध भलतंच वाढलेलं निघालं, आणि गंमत म्हणजे ज्यांना नुसता रस दिला त्यांच्यातही वाढलेलं. दोष दारूचा नव्हता, रसाचा होता. आपल्या आतड्यात आणि यकृतात सीवायपी-३ए-४ नावाचं एक विकर असतं. बाहेरून येणाऱ्या औषधांची जकात वसूल करणारा हा नाकेदार. ग्रेपफ्रूटमधली काही द्रव्यं आतड्यातल्या या नाकेदाराला कायमचा निकामी करतात. नवा तयार होईपर्यंत औषध जकात न भरता आत येत राहतं आणि साचतं. पपनस हे ग्रेपफ्रूटच्याच जातकुळीतलं. कोकणात ते झाडाला लगडतं, गोव्यात गणपतीच्या माटोळीला टांगतात. टांगायला काही हरकत नाही. सोलून वाटीभर फोडी खाणं मामांनी सोडलं. संत्री-मोसंबी चालू आहेत.

उलटा धोका आपल्याकडे जास्त मोठा आहे. क्षयाच्या उपचारातलं रिफाम्पिसिन हे औषध नाकेदारांची भरती करतं. ते चालू असताना इमॅटिनिबची रक्तातली एकूण मात्रा जवळजवळ तीन चतुर्थांशाने घटते. माणूस रोज गोळी घेतोय, घरचे साक्षीला आहेत आणि कारकुनाची खोबण मात्र रिकामी. फिट्सवरचं फेनिटॉइन, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, बुरशीवरची काही औषधं, अशांची यादी लांब आहे. ती पाठ करायची गरज नाही. कुणीही डॉक्टर पेन उघडून लिहायला लागला, की त्याच्यापुढे पितळी डब्यातली स्ट्रिप ठेवायची. तापावरची पॅरासिटामॉलही मामा विचारून घेतात, कारण तिचाही भार यकृतावरच असतो. गावच्या वैद्याचा काढासुद्धा त्याच नाक्यावरून आत येतो. मामांना ते पटायला वेळ लागला. "झाडपाल्याचं काय होतंय," हे वाक्य मी वर्षभर ऐकलं.

गोळी शंभर टक्के नेमकी मात्र नाही. एबीएलशिवाय आणखी दोन-तीन कारकुनांची खोबण तिच्या मापाची निघते. म्हणून सकाळी उठल्यावर मामांच्या डोळ्यांखाली पिशव्या आलेल्या असतात, मध्यरात्री पोटरीत गोळे येतात. त्यातल्या केआयटी नावाच्या कारकुनाचा त्वचेच्या रंगाशी संबंध आहे, त्यामुळे पुष्कळ रुग्णांचा वर्ण उजळतो. मामा पहिल्या दिवाळीला गोरे दिसायला लागले, तेव्हा बायकांनी त्यांना साबण विचारला होता. आणि २००२ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी कळवलं, की त्यांच्या १३३ रुग्णांपैकी ९ जणांचे पांढरे केस पुन्हा काळे झाले. एकाच कारकुनाला अडवून कुणाची कातडी उजळते आणि कुणाचे केस काळे होतात. शरीर आपल्या तर्काला अजिबात बांधलेलं नाही. मामा रोज आरशात बघतात. अजून तरी काही नाही.

डोळ्यांखालची सूज हसण्यावारी नेता येते. पण दोन-तीन दिवसांत वजन झपाट्याने वाढलं, दम लागला, डोळे पिवळे झाले, शौचाला काळी झाली, ताप आला किंवा अंगावर निळे डाग पडायला लागले, तर त्याच दिवशी फोन करायचा. म्हणून मामांच्या न्हाणीघराबाहेर वजनकाटा आहे. शिवाय रक्तातल्या पेशींची मोजणी सुरुवातीला दर आठवड्याला असते, मग अंतर वाढत जातं.

माणसांत हा रेणू पहिल्यांदा गेला जून १९९८मध्ये. अमेरिकेच्या पोर्टलंडचे ब्रायन ड्रूकर यांनी त्यासाठी कंपनीचा पिच्छा पुरवला होता. ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त डोस मिळालेल्या ५४ जणांपैकी ५३ जणांचं रक्त पूर्ववत झालं. कर्करोगाच्या पहिल्या चाचणीत असे आकडे येत नसतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अर्ज आल्यापासून तीन महिन्यांच्या आत, १० मे २००१ रोजी, परवानगी दिली. त्याआधी निदानानंतर बहुतेकांच्या हाती तीन ते पाच वर्षं असायची. पुढे १,१०६ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत इमॅटिनिबने सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के दहा वर्षांनी हयात होते. भारतात तर हा आजार पाश्चात्त्यांपेक्षा तरुण वयात, चाळिशीच्या आतबाहेर गाठतो. म्हणजे ही वर्षं कमावत्या माणसांची, मुलांना शाळेत सोडणाऱ्या माणसांची आहेत.

ती परवडणं हा वेगळाच लढा होता. मूळ ब्रँडची महिन्याची किंमत १ लाख २० हजारांच्या घरात होती, भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत. मूळ कंपनीला गोळीच्या एका विशिष्ट स्फटिकरूपावर भारतात पेटंट हवं होतं. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांनी ते नाकारलं: जुन्याच पदार्थाचं नवं रूप, रुग्णाला गुण जास्त येत असल्याचं दाखवल्याशिवाय, पेटंटला पात्र नाही. मामांच्या पितळी डब्यातली गोळी हैदराबादेत बनली आहे. त्या निकालाचं त्यांना काही माहीत नाही.

आता सगळ्यात अवघड सूचना: चुकवायची नाही. अवघड यासाठी, की ती मोडली तर त्या दिवशी काहीच होत नाही. मधुमेहाची गोळी विसरलात तर साखर सांगते. इथे मामांना आधीही काही होत नव्हतं आणि आताही नाही. शरीर गप्प. पण हिशेब चालू असतो. रक्तातलं इमॅटिनिब साधारण १८ तासांत निम्मं होतं. एक दिवस गेला की खोबणी रिकाम्या व्हायला लागतात आणि जी खोबण रिकामी झाली तिथला कारकून हातात शिक्का घेऊन तयारच असतो. कारण गोळी कारकुनाला मारत नाही, बसवून ठेवते. शिक्क्याच्या जिवावर जगणाऱ्या पेशी मरतात हे खरं, पण मज्जेच्या तळाशी झोपलेल्या मूळ पेशींना ती सहसा हात लावू शकत नाही.

लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी हे मोजलं. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ८७ रुग्णांना दिलेल्या बाटल्यांच्या झाकणात चिप होती. झाकण कधी उघडलं त्याची नोंद ती ठेवायची. ज्यांनी ९० टक्क्यांहून जास्त डोस घेतले, त्यांना सहा वर्षांत रेणूंच्या पातळीवर चांगला गुण येण्याची शक्यता ९४.५ टक्के निघाली. ९० टक्के किंवा कमी घेणाऱ्यांची २८.४ टक्के. महिन्यात तीन गोळ्या चुकणं म्हणजे ९० टक्के. हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसलो होतो. महिन्यात तीन! लग्नाला गेलो, डबा घरी राहिला. पोट बिघडलं. कंटाळा आला. झाल्या तीन.

'चांगला गुण' कळतो कसा, तर दर तीन महिन्यांनी पीसीआरच्या चाचणीने. त्या विस्कटलेल्या जनुकाची रक्तातली छापील प्रत शोधायची. शंभरात, हजारात, दहा हजारांत एक असली तरी ही चाचणी ती हुडकून काढते. तीन महिन्यांनी १० टक्क्यांच्या खाली, वर्षाने ०.१ टक्क्याच्या खाली, असे टप्पे. मामांनी आकडे दुकानाच्या चोपडीत मागच्या पानावर उतरवून ठेवलेत, हळदीच्या भावांसारखे: ८.२, १.१, ०.३, ०.०७. चौथ्या वर्षी एकदा ०.०७चे ०.२ झाले. डॉक्टरांनी ओरडण्याआधी विचारलं, गोळी कधी घेता?

उत्तर मामींनी दिलं. "संकष्टीला घेत नाहीत. एकादशीलाही नाही. गुरुवारी कधीमधी."

जेवणाबरोबर घ्यायची म्हणून जेवण नाही त्या दिवशी गोळी नाही. मामांनी सूचना तंतोतंत पाळली होती. मला तेव्हा आठवलं, आमच्यापैकी कुणीच त्यांना जेवण म्हणजे काय हे सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला नाही, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी विचारलं, उपासाला काय खाता? साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, वरीचे तांदूळ. मग हे जेवण नव्हे तर काय, ते म्हणाले. आणि संकष्टीला चंद्रोदयानंतर ताट असतंच की. मग रोजच रात्रीच्या जेवणाबरोबर घ्या. सणवार काही आड येणार नाही. फक्त गोळी घेऊन लगेच आडवं होऊ नका, अंगणात चार फेऱ्या मारा. पुढच्या दोन पीसीआरमध्ये आकडा परत खाली आला. कधीकधी तो येत नाही. कारकुनाच्या खोबणीचाच आकार जनुकबदलाने पालटतो आणि गोळी बसेनाशी होते. त्यासाठी पुढच्या पिढीच्या गोळ्या आहेत. त्यांतली एक, ॲसिमिनिब, तर शाईच्या खोबणीकडे जातच नाही. एबीएलचं कापलं गेलेलं शेपूट ज्या खाचेत बसायचं त्या खाचेत ती जाऊन बसते. हरवलेल्या कुलपाच्या जागी नवं कुलूप. मला विचाराल तर या सगळ्या कथेतली सर्वांत देखणी कल्पना हीच.

मागच्या महिन्यात मामांनी हळूच विचारलं, "तू एवढं वाचलंयस. ही कधी थांबते का रे?"

थांबते, कुणाकुणाची. फ्रान्समध्ये शंभर रुग्णांवर हा प्रयोग झाला. दोन वर्षांहून जास्त काळ पीसीआरमध्ये काहीच न सापडलेल्या माणसांची गोळी बंद केली. सुमारे ४० टक्के लोकांत आजार परतला नाही. बाकीच्यांत परतला तो बहुतेक पहिल्या सहा महिन्यांतच, आणि गोळी पुन्हा सुरू केल्यावर बहुतेकांचा आटोक्यात आला. पण ते दर महिन्याला पीसीआर करत, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत. आपल्या मनाने नाही. गोळी थांबवल्यावर काहींचे सांधे-स्नायू महिनोन्‌महिने दुखतात, हाही त्यातला एक प्रकार.

"म्हणजे माझा ०.०७ पुरत नाही."

"अजून नाही मामा."

त्या रात्री संकष्टी होती. कालनिर्णयावर चंद्रोदय नऊ वाजून काही मिनिटांनी होता, पण ढग होते. मामा गच्चीवर दोनदा जाऊन आले. मामींनी मोदकांचं ताट वाढलं, पाण्याचा तांब्या ठेवला, पितळी डबा सरकवला. मामांनी डब्याकडे न बघता आधी पेन काढलं आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या तारखेच्या चौकोनात बरोबरची खूण करायला हात वर केला.

"अहो," मामी म्हणाल्या, "आधी गिळा. मग खूण."

मामांनी पेन खिशाला लावलं आणि मोदक फोडला.